आडनाव नको, देवक सांग

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा. हे मला आत्ताच सांगायचंय, उद्यापर्यंत थांबले तर फुटेन. आत्ता जांब्याहून हौसाक्काचा फोन आला होता. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होते आणि तिच्या एका वाक्याला इतक्या जोरात ओरडले की खालचा वॉचमन धावत वर आला, "मॅडम, गिर गये क्या?" म्हणून. ते वाक्य मी शेवटी सांगणार. चिडू नका. पण हौसाक्का कोण हे कळल्याशिवाय त्या वाक्यात काहीच मजा नाही.

२००७ साली मी परभणीहून हिंजवडीत नोकरीला आले. टेस्टर म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला. खोली शोधत शेजारच्या जांबे गावात गेले, एका घराच्या फाटकावर 'रूम भाड्याने मिळेल' लिहिलं होतं. हाक मारली तर घरातून कोणी आलंच नाही, शेजारच्या गोठ्यातून आवाज आला, "हिकडं ये, माझं डोकं अडकलंय." आत गेले. म्हशी नव्हत्या. गव्हाणींवर लांबच्या लांब फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर रूळ, आणि फळीखाली नऊवारी नेसलेली एक बाई पालथी पडून वायरला चिकटपट्टी लावत होती. डोकं बाहेर न काढताच तिनं मला पहिला प्रश्न विचारला.

"तुला कंपनी भायेर धाडंल का?"

"बाहेर म्हणजे?"

"अमेरिका, जर्मनी. जितं इंजिनं मिळत्यात तितं."

मला वाटलं, पोरगी मधेच खोली सोडून जाईल का, याची चौकशी चाललीय. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो, मी इथंच राहणार."

ती बाहेर आली. कपाळाला शेणमाती लागलेली, चेहरा पार उतरलेला. "मंग काय उपेग तुझा?"

तरी खोली मिळाली, कारण कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर बघून मी "तुम्ही कॉम्प्युटर वापरता?" असं विचारलं. "तुमी-बिमी काय लावलंस, मी काय तुझी सासू हाय?" म्हणाली, आणि तेव्हापासून मी तिला 'तू'च म्हणत आले. तिनं माझं नाव कधी विचारलं नाही. भाडेकरूंना ती गावाच्या नावानं हाक मारायची. त्या दिवसापासून मी 'परभणी'.

आता हा गोठ्यातला प्रकार काय होता, ते सांगते. हौसाक्काचं माहेर कामशेतच्या बाजूचं. घराच्या मागून रेल्वे जायची. भाकरी कधी टाकायची, धारा कधी काढायच्या, सगळं गाडीच्या आवाजावर. लग्न होऊन जांब्याला, म्हणजे मुळशीत आली आणि मुळशी तालुक्यात रेल्वेच नाही! "पयल्या दिशी वाटलं, माझं कानच ग्येलं," ती सांगायची. "कायच वाजंना. मुळशीनं मला समदं दिलं, भात दिला, नवरा बी बरा दिला. पर कान उपाशी ठेवलं."

मग आयटीवाले आले, गावातल्या जमिनी विकल्या गेल्या, गल्लीत जीपा उभ्या राहिल्या, फाटकांवर सिमेंटचे सिंह बसले. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे तात्यांनी, तिला विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "गाडी." धाकटा दीर बबनराव लगेच शोरूममधून रंगीत कागद घेऊन आला. चंदेरी घ्या वैनी, चंदेरी उठून दिसते. हौसाक्कानं ते कागद चुलीत घातले. "ही न्हवं. रुळावरची."

अख्खं गाव हसलं. तिनं हसू दिलं. तिच्याकडे आधी राहणारा कोणीतरी इंजिनिअर जर्मनीहून बोटभर लांबीचं खेळातलं इंजिन घेऊन आला होता, ते तिनं टेबलावर फिरताना पाहिलं होतं, आणि तिचं ठरलं होतं. तेव्हापासून जो भाडेकरू ऑनसाइटला, म्हणजे कंपनीच्या कामानं परदेशी जाईल त्याला एकच हुकूम. चॉकलेट नको, सेंट नको, इंजिन आण, जमलं तर दोन डबे आण. नवं नाही परवडलं तर जुनं आण. बॉक्स नसला तरी चालंल. पोरं आणायची. बिचारी परदेशातल्या रविवारच्या जुन्या बाजारात फिरून शोधायची! आणि ज्यानं आणलं त्याच्या गावाचं नाव इंजिनाला. त्यामुळे गोठ्यात 'लातूर', 'अकोला', 'सोलापूर', 'जळगाव' अशी इंजिनं उभी असायची आणि त्यांचा मार्ग होता कामशेत, हिंजवडी, जांबे, घोटावडे, पौड. स्टेशनं तिनं स्वतः रंगवलेली. घोटावड्याची चढण शेणमातीनं लिंपलेली, त्यावर खरा भाताचा पेंढा. कोणी म्हणालं की आक्का, अशी लाइन कुठे आहे, तर उत्तर तयार. "सरकारनं न्हाई आणली, मी आणली. गव्हाणीवरनं आणली, पर आणली न्हवं?"

आता खरी गंमत. (मी फार भराभरा लिहितेय का? लिहू द्या.)

या इंजिनांच्या पोटात एक नखाएवढं सर्किट असतं, त्याला डिकोडर म्हणतात. रुळांतून वीज तर सगळ्यांनाच मिळते, पण 'लातूर, तू हळू चल. अकोला, तू दिवा लाव' असं एकेकाला वेगळं सांगायचं तर ते ऐकणारा हा डिकोडर. त्याच्यात बारीक बारीक घरं असतात, प्रत्येक घरात एक आकडा. एका घरातला आकडा बदलला की इंजिन सावकाश सुटतं, दुसऱ्यातला बदलला की दिव्याचा उजेड कमी होतो. हे आकडे बदलायला हौशी लोकांनी मिळून बनवलेला एक फुकट प्रोग्रॅम इंटरनेटवर मिळायचा, तो एका भाडेकरूनं आक्काच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून दिला होता. त्यात आधी यादीतून डिकोडर निवडावा लागतो, म्हणजे कंपनी, मग तिची फॅमिली, मग मॉडेल. निवड बरोबर असेल तर प्रोग्रॅमला कळतं की कुठल्या घराचा अर्थ काय. याला म्हणायचं डिकोडरची डेफिनिशन. चुकीची निवडलीत तर गेलात!

आणि कुठला डिकोडर ते बॉक्सवर लिहिलेलं असतं, हिच्याकडे एकाचाही बॉक्स नाही. पहिल्याच रविवारी मी मोठ्या थाटात 'अकोला'ला सावकाश सुटायला सांगितलं, तर त्याचा दिवा पोलिसांच्या गाडीसारखा उघडझाप करायला लागला. 'लातूर'ला पुढे जायला सांगितलं, ते मागे गेलं आणि फळीच्या टोकावरून थेट बादलीत.

"तुझी परीक्षा झालीया न्हवं कॉम्प्युटरची?" आक्का म्हणाली.

"आक्का, मला याची फॅमिली कळल्याशिवाय काही करता येणार नाही."

"इंजिनाची फॅमिली?"

"हो. एकेका कंपनीच्या चार-पाच फॅमिल्या असतात."

ती जी हसायला लागली! तात्या दारात उभे होते, ते लाजून बाहेरच गेले. मला काही कळेना. मग लक्षात आलं. गावाकडे 'आमची फॅमिली' म्हणजे बायको! "एका कंपनीला चार-पाच बायका," आक्का डोळे पुसत म्हणाली, "म्हनून तर पोरं हितं टाकून दिल्यात."

मी समजावून सांगितलं. फॅमिली म्हणजे एका घडणीचे डिकोडर. नावं वेगळी, आकार वेगळे, पण आतली घरं सारखी.

"मंग भावकी म्हन की," ती म्हणाली. एकदम गंभीर झाली. कारण हे तिचं खरं क्षेत्र होतं. हौसाक्का सोयरिकी जुळवायची. पौडापासून मारुंजीपर्यंत कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे, कोणाचं देवक काय, सगळं तिच्या तोंडावर. देवक म्हणजे लग्नात मांडवाला ज्या झाडाची डहाळी बांधतात ते झाड, घराण्याची खूण. कोणाचं कळंब, कोणाचं उंबर, कोणाचा वेळू. एका देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही, ती सगळी एकमेकांची भाऊबहीण. मुलीकडचे आपलं मोठं आडनाव सांगायला लागले की ती मधेच तोडायची, "आडनाव नको, देवक सांग. आडनाव काय, कोनी बी लावतंय."

मी मात्र टेस्टर. सर्किटवर जे नाव छापलंय त्याप्रमाणे एबीसीडी लावून मी डेफिनिशन्स नीट जुळवून ठेवल्या, फोल्डर केले, रंग दिले. इतकं सुंदर! आणि निम्मी इंजिनं तरीही वेड्यासारखी वागत होती. कारण त्या धंद्यात एक कंपनी बनवते आणि दुसरी आपलं नाव छापून विकते, हे मला कुठे माहीत?

आक्काची रीत वेगळी होती. ती इंजिन कानाजवळ धरायची आणि तात्यांना म्हणायची, "हळू सोडा." काही इंजिनं सुटताना भुंग्यासारखी गुणगुणतात, काही मुकाट सुटतात, काही आधी हिसका देतात. दिवा काहींचा टपकन जातो, काहींचा विझत विझत. त्यावरून ती कळंब, उंबर, वेळू अशी देवकांत वाटणी करायची. "चालीवरनं घराणं कळतंय." 'लातूर' आणि 'सोलापूर'वर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं होती, तिनं ती एका जागी ठेवली. मी वाद घातला. तिनं ऐकलं नाही. मग मी हट्टानं वाचत बसले आणि मला सापडलं की डिकोडरच्या आठव्या घरात मूळ बनवणाऱ्याचा नंबर असतो, तो बदलता येत नाही, आणि त्यावरून फॅमिलीचा माग लागतो. वाचून पाहिलं. लातूर, सोलापूर, एकच नंबर! मी उडीच मारली.

"म्हंजी आठव्या घरात देवक," आक्का म्हणाली. तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, याचाच मला राग आला.

पण 'जळगाव' तिनं गुणगुणण्यावरून उंबरात घातलं होतं आणि आठव्या घरानं सांगितलं, वेळू. मी मिरवत सांगितलं. तो अख्खा रविवार ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण ताट आपटून. संध्याकाळी खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "जळगाव आईच्या अंगावर ग्येलं आसंल." बस्, विषय संपला. ते वेळूत गेलं.

मग आम्ही सगळी यादी नव्यानं मांडली. मूळ फाइली तशाच ठेवून त्यांच्या प्रती काढल्या आणि फॅमिलीच्या जागी कळंब, उंबर, वेळू, आपटा अशी नावं टाकली. पहिल्यांदा पडद्यावर नुसते चौकोन दिसले. मराठी अक्षरं चालू केली, प्रोग्रॅम परत उघडला आणि त्या परदेशी यादीत मधोमध आलं, 'कळंब'. आक्कानं पडद्याला हात लावून बघितला. मी उत्साहात त्या हौशी लोकांच्या ग्रुपवर हे सगळं लिहून पाठवलं. एका गृहस्थांनी फार सभ्यपणे उत्तर दिलं की झाडांच्या नावांनी गोंधळ होईल, जगभर जी पद्धत आहे तीच पाळावी. मी आक्काला वाचून दाखवलं.

"त्याचं बराबर हाय," ती म्हणाली. "त्याच्या गोठ्यात त्यानं त्याच्या रीतीनं लावावं. ह्यो गोठा माझा हाय."

तो गोठा तिचा होता का, हाच तर प्रश्न होता. जागा दोन्ही भावांची, अजून वाटणी न झालेली. बबनरावाला तिथे दुमजली खोल्या बांधायच्या होत्या. त्याचंही अगदीच चूक नव्हतं, हे मी आता म्हणू शकते. गल्लीत सगळे बांधत होते, आणि याच्या घरात म्हशी गेल्या तरी गोठा अडलेला, तोही कशासाठी, तर खेळण्यासाठी! तो रोज येता-जाता गोठ्यात डोकावून म्हणायचा, "काय वैनी, पौडाची पाशिंजर लेट का आज?"

"लेट असू द्या भावजी. तुमी तिकीट काढलंय का?"

होळीच्या सुमारास त्यानं सगळ्यांसमोर तोंडच उघडलं. "बास झालं. जत्रेनंतर जेसीबी लावतो."

"लावून बघा."

"वैनी, एवढी इंजिनं गोळा केलीत. समदी एकदम कधी चालली का? एक मागं जातं, एक बादलीत पडतं. जत्रंला पाव्हणं येतील, त्यांच्याम्होरं समदी इंजिनं चालवा, समदे डबे एका गाडीला जोडून घोटावड्याची चढण चढवून दावा. चढली तर गोठा तुमचा, मी शबूद काढनार न्हाई. न्हाई चढली तर दुसऱ्या दिशी खोदाई."

"चढवते."

मी आक्काला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, ती चढण आजवर चार डबे घेऊन सुद्धा कुठल्या इंजिनाला चढता आलेली नाही. ती म्हणाली, "मी बोलायचं त्ये बोलले. तुला ठावं हाय ते आता तू कर."

जत्रेपर्यंत सगळे रविवार आम्ही गोठ्यात. एकेक इंजिन घ्यायचं, आठवं घर वाचायचं, आपल्या भावकीतली डेफिनिशन निवडायची, चाल दुरुस्त करायची. 'अकोला'ची पोलिसगिरी थांबली. 'लातूर'ला पुढे म्हटलं की पुढे जायला लागलं. सगळी लांब गाडी ओढायला एक इंजिन पुरणार नव्हतं, दोन जोडायला लागणार होती. जोडी आक्कानं शेवटच्या आठवड्यात लावली, 'लातूर' आणि 'अकोला'. मला तेव्हा कामावरून सुट्टी नव्हती, त्यामुळे ती जोडी मी जत्रेच्या दिवशीच पाहिली.

जत्रेचा दिवस. लोडशेडिंग, दुपारपर्यंत लाइटच नाही. पाहुणे मटण जेवून गोठ्यात सावलीला येऊन बसलेले, पोरं गव्हाणीला लटकलेली, बबनराव पांढरे कपडे घालून मधोमध खुर्ची टाकून. लाइट आली. आक्कानं पदर खोचला. एकेक करून इंजिनं सोडली आणि सगळी चालली! एकही मागे गेलं नाही. आपापल्या वाटेनं, आपापल्या चालीनं. कोणीतरी शिट्टी वाजवली. बबनराव म्हणाला, "चढन ऱ्हायली."

सगळे डबे जोडले. पुढे 'लातूर', मागोमाग 'अकोला'. गाडी जांब्याहून सुटली, घोटावड्याच्या पायथ्याशी आली, चढायला लागली आणि मधेच भांडायला लागली. खरंच भांडायला! लातूर सावकाश ओढतंय, अकोला मागून ढुशा देतंय, चाकं जागच्या जागी फिरतायत. आणि चढणीच्या मध्यावर डबे कलंडले. पेंढ्यात पडले सगळे.

हशा झाला. बबनराव हसला नाही. तो उठून उभा राहिला फक्त, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मी यादीकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "आक्का, लातूर कळंब आणि अकोला वेळू! ही जोडी कशी काय लावलीस? लातूरला सोलापूर जोड ना, दोघं कळंब आहेत!"

"खुळी का काय तू?" ती सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली. "एका देवकाची हायेत ती! भनभाऊ लागत्यात. मी जल्मात असली जोडी जुळवली न्हाई."

आलं ना लक्षात? तिनं मुद्दाम दोन वेगळ्या देवकांची जोडी काढली होती. इतक्या बारकाईनं, इतक्या निष्ठेनं! सोयरीक म्हणून. आणि इथे नेमकं उलटं हवं होतं. एका भावकीतली, एका चालीची दोन इंजिनंच एका गाडीला चालतात. मी हे सांगतेय, ती मान हलवतेय, मागे पाहुणे उठायला लागलेत, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि माझा आवाज रडवेला झालेला. तेव्हा तात्या बोलले. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांना चारचौघांत बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"हौसे, हे लगीन न्हवं. हे औत हाय."

आक्का थांबली.

"औताला बैलजोडी एका गाईच्या पोटची लावत्यात," तात्या म्हणाले. एवढंच. आणि परत भिंतीला टेकले.

आक्कानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बबनरावाकडे. दोघं सख्खे भाऊ, पण एकमेकांपासून लांब उभे. मग तिनं अकोला उचललं, पदरानं पुसून बाजूला ठेवलं, आणि सोलापूर घेऊन लातूरच्या मागे लावलं. "कर गं परभणी, काय करायचं त्ये." मी कॉम्प्युटरवर दोघांची जोडी बांधली. पोरांनी डबे परत रुळावर चढवले.

गाडी सुटली. चढणीला लागली. दोन्ही इंजिनं एका सुरात, जणू एकच लांब इंजिन. मधला भाग आला, जिथे मघाशी डबे पडले होते. शेवटचा डबा वर चढला, गाडी वळून पौडाला लागली आणि आक्का ओरडली, "घ्या भावजी! मुळशीत रेल्वे आली!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बबनराव चपला घालत म्हणाला, "चढली, न्हाई म्हनत न्हाई. पर खेळ त्यो खेळ. खोल्या बांधायच्याच हायेत, वैनी. घरात मानसं वाढत्यात."

सगळ्यांसमोर दिलेला शब्द, सगळ्यांसमोर फिरवला! मी तावातावानं काहीतरी बोलणार होते, आक्कानं मला हातानंच गप्प केलं. ती घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत वाकळ होती आणि हातात तांब्या. वाकळ तिनं फळीखाली, कामशेत स्टेशनच्या बरोबर खाली अंथरली.

"तुमाला खोल्या पायजेत न्हवं? माझ्या दोन घ्या. भायली बी घ्या, मधली बी घ्या. लावा पाटी. मी हितं ऱ्हानार."

"वैनी, लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, हौसा टेसनात ऱ्हाती."

बबनराव तात्यांकडे बघायला लागला, की आता तरी थोरला भाऊ बायकोला आवरेल. तात्या घरात गेले आणि स्वतःची उशी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी जेसीबी खरंच आला. ड्रायव्हर बिहारचा होता. त्यानं आत वाकून बघितलं, दोन म्हातारी माणसं रुळांखाली बसून चहा पितायत. "अम्मा, ये तोड़ना है क्या?" आक्का म्हणाली, "बैठो. चाय पिओ. गाडी छूटनेवाली है." त्यानं चहा घेतला, एक फेरी बघितली आणि जेसीबी घेऊन निघून गेला. नंतर परत कोणी आलं नाही. तिच्या दोन खोल्या भाड्यानं गेल्या आणि ती गोठ्यातच राहिली. पुढे मंदी आली, पोरं खोल्या सोडून गेली, निम्मी गल्ली रिकामी झाली, तिच्याही खोल्या रिकाम्या पडल्या. सगळ्यांनी सांगितलं, आता तरी घरात ये. ती गेली नाही. "म्या शबूद दिलाय. माझा शबूद चपला घालून जात न्हाई."

मी मागच्या वर्षी नोकरी बदलून बंगळूरला आले. निघताना तिनं मला पोहे बांधून दिले आणि म्हणाली, "तू एक बी इंजिन आणलं न्हाईस, परभणी." मी म्हटलं, मी देवकं आणली. "व्हय," ती म्हणाली, "म्हनून तर भाकरी घातली."

तर आता आजचा फोन. इथपर्यंत आलात ना? सांगते.

बबनराव आठ-दहा जणांबरोबर सिंगापूरच्या सहलीला गेला होता. काल परत आला. गावभर चॉकलेटं वाटली. आणि संध्याकाळी गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला, आत न येता, आणि एक खोका पुढे केला. आक्कानं खोका उघडला.

"परभणी," ती फोनवर म्हणाली, "बबन भावजींनी इंजिन आणलं."

इथे मी ओरडले.

"मग? काय म्हणालीस तू त्यांना?"

"काय म्हननार? म्हनलं, आडनाव नको, देवक बघून मग रुळावर घेऊ. उभं ऱ्हावा तवर." तिनं ते इंजिन रुळाच्या त्या वेगळ्या तुकड्यावर ठेवलं जिथे आम्ही तपासायचो, आणि आठवं घर स्वतः वाचलं. मी कधीतरी शिकवलं होतं. बबनराव खरंच उभा होता, चपला हातात घेऊन. म्हणे पाहुण्यांच्या पुढे नाही घाबरला तेवढा त्या आकड्याला घाबरला होता.

"काय निघालं?"

"कळंब," आक्का म्हणाली. "लातूर-सोलापूरच्या भावकीतलं."

ती पुढे बोलतच होती. इंजिनाचं नाव 'बबन' ठेवलंय, त्याचं गाव जांबेच आणि ते नाव आधीच स्टेशनाला असल्यामुळे गावाचं नाव देता येत नाही म्हणून. आज सकाळी तो पुन्हा आला होता, आता तरी घरात चला वैनी म्हणाला. आणि ती त्याला म्हणाली, "तुमचं इंजिन आलं म्हंजी माझा हट्ट ग्येला असं न्हाई. मी टेसन सोडत न्हाई. तुमी येत जावा. पर येताना हॉर्न वाजवा."

आता सांगा, तुमच्याकडे असं कधी झालंय का? वर्षानुवर्षं तुमच्या एखाद्या वेडाला नावं ठेवणारं घरचंच माणूस, एक दिवस त्याच वेडाचा एक तुकडा हातात घेऊन दारात उभं, आणि आत येऊ का हे सुद्धा विचारता येत नाहीये त्याला? झालं असेल तर लिहा ना मला. आणि तेव्हा तुम्ही त्याला लगेच आत घेतलंत, की आधी देवक विचारलंत?